यंत्र बिघडत नाही, तिथून गोष्ट सुरू होते: ‘ब्लॅक मिरर’ सोप्या भाषेत

जानेवारी २०२४ मध्ये तामिळनाडूत द्रमुक पक्षाच्या मंडळींसमोर माजी मुख्यमंत्री करुणानिधी पडद्यावर अवतरले. काळा चष्मा, पांढरा सदरा, पिवळी शाल, ओळखीचा आवाज. त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं उलटली होती. चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेली होती आणि बोलणं मात्र ताजं होतं: चिरंजीव आणि तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांच्या कारभाराचं कौतुक. अशी बातमी आली की कुणीतरी हमखास म्हणतं, “हे तर ब्लॅक मिरर झालं!”

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांना या वाक्याचा काहीच बोध होत नाही. आणि ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्यातलेही बरेच जण तिला तंत्रज्ञानाचं पंचांग समजतात; म्हणजे पुढे काय काय येणार ते तिनं आधीच सांगून ठेवलंय असं. मला हे पटत नाही. ‘ब्लॅक मिरर’ला यंत्रांचं भविष्य सांगण्यात फारसा रस नाही. तिचा रस करारात आहे. यंत्र कुणाच्या मालकीचं, अटी कुणी लिहिल्या, आणि आपल्याला बाहेर पडायचं झालं तर दार उघडतं का, एवढं पाहत गेलं तर मालिका बरीच सोपी होते. (पुढे काही भागांचे शेवट सांगितले आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी शेवटच्या उपशीर्षकावर जावं.)

आधी जुजबी ओळख

चार्ली ब्रुकर हा ब्रिटिश लेखक. आधी व्हिडिओ गेमच्या मासिकात लिहायचा, मग ‘द गार्डियन’मध्ये टीव्हीवर तिरकस सदर लिहायचा. त्याची ही मालिका ब्रिटनच्या चॅनल फोरवर ४ डिसेंबर २०११ रोजी सुरू झाली. पहिल्या पर्वात भाग होते फक्त तीन. पुढे नेटफ्लिक्सनं ती घेतली आणि ऑक्टोबर २०१६ पासून ती जगभर दिसू लागली. एप्रिल २०२५ मध्ये सातवं पर्व आलं, तोवर ३३ भाग आणि ‘बँडरस्नॅच’ नावाचा एक चित्रपट एवढा पसारा झाला होता.

ही ‘अँथॉलॉजी’ मालिका आहे, म्हणजे प्रत्येक भाग ही स्वतंत्र गोष्ट. पात्रं वेगळी, नट वेगळे, जगही वेगळं. त्यामुळे कुठलाही भाग आधी पाहिला तरी चालतो. नावातला काळा आरसा म्हणजे बंद पडलेला पडदा: टीव्हीचा, संगणकाचा, हातातल्या फोनचा.

या मालिकेला हमखास लावला जाणारा दुसरा शब्द ‘डिस्टोपिया’. जिथे राहायची वेळ शत्रूवरही येऊ नये, असा कल्पित समाज. अशा गोष्टींत एरवी एखादा हुकूमशहा असतो, गणवेशातले शिपाई असतात, भिंतींवर घोषणा असतात. इथे यातलं जवळजवळ काहीच नाही. छान स्वयंपाकघर आहे, खिडकीतून ऊन येतंय, नवराबायको वाईन पीत बसलेत. त्यांच्यावर कुणी सक्ती केलेली नाही. त्यांनी ते उपकरण स्वतः पैसे देऊन घेतलंय.

गोष्ट रचायची ती कशी?

यंत्र बिघडलं, यंत्रानं बंड केलं, शास्त्रज्ञ पळत सुटला, या वाटेच्या गोष्टी आपण पुष्कळ पाहिल्या. ब्रुकरच्या गोष्टींत बहुतेक वेळा यंत्र अगदी चोख चालतं. जाहिरातीत जे सांगितलं असेल तेच ते करतं आणि त्यातच माणसाची वाट लागते.

पहिल्या पर्वातला ‘द एन्टायर हिस्टरी ऑफ यू’ हा भाग घ्या. तो ब्रुकरचा नाही, जेसी आर्मस्ट्राँगनं लिहिलेला आहे. यातल्या माणसांच्या कानामागे दाण्याएवढं एक उपकरण बसवलेलं असतं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं सगळं त्यात साठतं आणि हवं तेव्हा मागे नेऊन पाहता येतं, भिंतीवरच्या पडद्यावर चारचौघांना दाखवताही येतं. लियम नावाच्या वकिलाला एका जेवणाच्या वेळी संशय येतो की आपली बायको त्या अमुक माणसाच्या विनोदावर जरा जास्तच हसली. घरी येऊन लियम तो प्रसंग पुन्हा लावतो. थांबवून, मोठा करून, पुन्हा पुन्हा. तिनं पूर्वी काय सांगितलं होतं तेही काढतो आणि आजच्या उत्तराशी ताडून बघतो.

इथे एखाद्या साध्या लेखकानं संशय खोटा ठरवला असता आणि आपणही “बिचारी” म्हणून मोकळे झालो असतो. पण लियमचा संशय खरा निघतो. उपकरणानं एकही चूक केलेली नाही, सत्य हाती आलंय, आणि रिकाम्या घरात हा माणूस ब्लेड घेऊन कानामागचा तो दाणा उपटून काढतोय.

मत्सर काही नवा नाही, तो तर पुराणांतही आहे. नवं एवढंच की, विसरण्याची सोय काढून घेतली. मालिकेतल्या चांगल्या भागांची हीच पद्धत आहे. माणसाची एखादी जुनी खोड घ्यायची आणि तिला आवर घालणारी एक मर्यादा हटवायची. कधी विसरणं, कधी अंतर, कधी मृत्यू. त्या मर्यादेनं आजवर आपल्याला किती सांभाळून घेतलं, हे ती गेल्यावर कळतं.

जयंत नारळीकरांच्या कथा वाचत मोठा झालेला मराठी वाचक इथे सुरुवातीला थोडा बावरतो. तिकडे विज्ञान समजून घेण्याचा आनंद असतो, गोष्टीच्या ओघात थोडं खगोलशास्त्रही पदरात पडतं. इकडे ते उपकरण कसं चालतं याचं स्पष्टीकरण जवळपास शून्य. एक छोटं बटण, एक निळसर प्रकाश, झालं. विज्ञानकथा म्हणून मोजली तर काही भाग कच्चेच आहेत. पण ब्रुकरला प्रयोगशाळेत जायचंच नाही, त्याला विक्रीनंतरचं घर दाखवायचंय.

पण मग भाकितं खरी कशी ठरतात?

सगळ्यात जास्त दिलं जाणारं उदाहरण ‘बी राइट बॅक’चं. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा भाग आला. मार्थाचा जोडीदार ॲश अपघातात जातो. त्यानं समाजमाध्यमांवर लिहिलेलं सगळं, त्याच्या मेल, हे एका सेवेला पुरवलं की ती त्याच्या भाषेत उत्तरं देते. आधी मजकूर, मग आवाज, आणि शेवटी थेट त्याच्यासारखं दिसणारं शरीर.

प्रत्यक्षात काय घडलं? नोव्हेंबर २०१५ मध्ये रोमन माझुरेंको या तरुण उद्योजकाचा मॉस्कोत अपघाती मृत्यू झाला. त्याची मैत्रीण युजेनिया कुइडा हिची स्वतःचीच चॅटबॉट बनवणारी कंपनी होती. चॅटबॉट म्हणजे आपल्याशी लिहून गप्पा मारणारी आज्ञावली. तिनं रोमनचे जुने संदेश पुरवून त्याच्यासारखं बोलणारा बॉट तयार केला. पुढे याच कंपनीनं ‘रेप्लिका’ हे ॲप आणलं, ज्यात लोक कृत्रिम मित्राशी बोलतात.

याला भाकीत म्हणावं का? मला वाटतं, नाही. २०१३ मध्ये आपले संदेश, फोटो, भांडणं, सगळं आधीच कुणाच्या तरी सर्व्हरवर जमा झालेलं होतं. मेलेल्या माणसाशी एकदा तरी बोलावं ही इच्छा तर माणसाइतकीच जुनी आहे. या दोन गोष्टी कधीतरी एकमेकींना भेटणार, हे ओळखायला ज्योतिषी कशाला हवा?

भागाचं खरं मर्म पुढे आहे. तो नवा ॲश आज्ञाधारक आहे. जा म्हटलं की जातो, थांब म्हटलं की थांबतो. मार्था त्याला मारते, तरी तो उलटून बोलत नाही. खरा ॲश जे कधीच कुठे लिहीत नव्हता, त्याचा कंटाळा, त्याचा हेका, ते यंत्राकडे येणार कुठून? ती त्याला माळ्यावर ठेवून देते. टाकवतही नाही, जवळही घेववत नाही.

करुणानिधींच्या चित्रफितीकडेही याच नजरेनं बघता येतं. ते स्वतः तमिळ चित्रपटांचे गाजलेले संवादलेखक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी आपले शब्द घातलेल्या माणसाच्या तोंडी आता दुसऱ्यांचे शब्द आले. त्यांच्या माणसांनी हे प्रेमानं केलं असेल, पण त्यांना स्वतःला “नको” म्हणायची सोय नव्हती.

‘चीनमध्ये तर हे सुरूही झालं ना?’

हा प्रश्न ‘नोजडाइव्ह’ या भागामुळे येतो. त्यात प्रत्येक माणसाला पाचपैकी गुण असतात आणि भेटणारा प्रत्येक जण ते फोनवरून वरखाली करू शकतो. नायिका लेसी हिचे गुण ४.२ आहेत. हव्या त्या वसाहतीत घर सवलतीत मिळायला ४.५ लागतात. ते मिळवण्याच्या धडपडीत ती घसरत घसरत शून्याकडे जाते.

चीन सरकारनं २०१४ मध्ये ‘सोशल क्रेडिट’ची योजना जाहीर केली आणि २०१६ मध्ये हा भाग आला, त्यामुळे चीनच्या प्रत्येक नागरिकाला असा एक आकडा चिकटवलाय अशी समजूत जगभर पसरली. ती चुकीची आहे. देशभर लागू असलेला असा एकच आकडा तिथे नाही. न्यायालयानं ठरवलेलं देणं बुडवणाऱ्यांची काळी यादी आहे आणि तीत नाव आलं की विमानाचं, वेगवान गाडीचं तिकीट मिळत नाही. काही शहरांनी गुणांचे प्रयोग केले, ते त्या त्या शहरापुरते. हे सगळं कमी भीतीदायक आहे असं मी म्हणत नाही, पण ते सरकारी दमनाच्या ओळखीच्या वाटेनं जाणारं आहे. ‘नोजडाइव्ह’मध्ये सरकार कुठे दिसतच नाही. तिथे लोकच लोकांना गुण देतात, हसून.

त्यामुळे त्या भागाच्या जास्त जवळ कोण असेल, तर आपल्याकडचा डिलिव्हरीवाला. गेटवर वॉचमननं अडवलं, लिफ्ट बंद होती, पाऊस होता, कशाचंही कारण असो, तारे त्याचे कापले जातात. रेटिंग फार घसरलं की काम कमी मिळतं आणि शेवटी आयडी ब्लॉक होतो. दाद मागायला समोर माणूस नसतो, ॲपमधली मदतीची खिडकी असते. आपण तीन तारे द्यायचे की पाच, हे जेवता जेवता ठरवतो.

शरीरच भाड्यानं घेतलं तर

सातव्या पर्वातला ‘कॉमन पीपल’ हा मला मालिकेतला सगळ्यात क्रूर भाग वाटतो. त्यात एक थेंबही दूरचं भविष्य नाही.

माइक हा वेल्डिंगचं काम करणारा, त्याची बायको अमांडा शिक्षिका. तिच्या मेंदूत गाठ निघते, ती शुद्धीवर येत नाही. ‘रिव्हरमाइंड’ नावाची कंपनी म्हणते, आम्ही मेंदूच्या त्या भागाची प्रत आमच्या सर्व्हरवर ठेवतो आणि तिथून तो चालवतो. शस्त्रक्रिया फुकट. महिन्याला फक्त ३०० डॉलर भरायचे. कोण नाही म्हणेल? अमांडा उठून बसते. मग कळतं की, कंपनीच्या सेवेच्या हद्दीबाहेर गेलं तर ती बेशुद्ध पडते. हद्द वाढवून हवी असेल तर वरचा प्लॅन घ्या. तो घेतला नाही, तर ती वर्गात शिकवता शिकवता मध्येच जाहिरात बोलू लागते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

ही यंत्रणा समजायला अकरा महिन्यांचा भाडेकरार आठवावा. घर आपलं वाटतं, पडदे आपण निवडतो, देवघर मांडतो. पण अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवतो, पुढच्या खेपेला पार्किंगचे वेगळे मागतो, आणि आपण भरतो, कारण मुलांची शाळा जवळ आहे. भाडेकरूला निदान टेम्पो बोलावून दुसरीकडे जाता येतं. अमांडाला मेंदू सोडून कुठे जाता येणार?

हे अतिशयोक्त वाटत असेल तर ‘आर्गस टू’ची हकिकत ऐका. कॅलिफोर्नियातल्या ‘सेकंड साइट’ कंपनीनं अंध व्यक्तींच्या डोळ्यात, दृष्टिपटलावर बसवायचं एक उपकरण बनवलं. चष्म्यातला कॅमेरा बाहेरचं दृश्य टिपणार आणि उपकरण त्याचे प्रकाशाचे ठिपके करून मेंदूपर्यंत पोचवणार. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली. जगभरात ३५०हून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. पण कंपनीचं आर्थिक गणित जमेना. २०१९ मध्ये तिनं हे उत्पादन थांबवलं, पुढच्या वर्षी ती बंद पडण्याच्या बेतात आली. डोळ्यात उपकरण तसंच राहिलं, दुरुस्ती करणारं आणि सुटे भाग देणारं कुणी उरलं नाही. यात कुणी खलनायक शोधू गेलं तर सापडत नाही. एक कंपनी तोट्यात गेली, रोज अनेक जातात तशी. फक्त हिचा माल लोकांच्या डोळ्यात होता.

आणि एक गंमत. ‘बँडरस्नॅच’ हा २०१८ चा चित्रपट म्हणजे गोष्टीनं पुढे कुठे जायचं ते प्रेक्षकानं रिमोटनं ठरवायचं असा प्रयोग होता. त्याला एमी हा अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कारही मिळाला. मे २०२५ मध्ये, ‘कॉमन पीपल’ येऊन महिनाभर झाला असेल नसेल, नेटफ्लिक्सनं तो काढून टाकला. वर्गणी भरणाऱ्यांचं त्यावर काहीही चालत नव्हतं.

‘पण सही तर आपणच केली’

हा आक्षेप वाजवी आहे. कुणी जबरदस्ती केली नाही, अटी समोर होत्या, तुम्ही वाचल्या नाहीत. ‘जोन इज ऑफुल’ हा जून २०२३ चा भाग याच वाक्यावर उभा आहे. जोन संध्याकाळी घरी येऊन ‘स्ट्रीमबेरी’ ही नेटफ्लिक्ससारखी सेवा लावते, तर तिच्याच आजच्या दिवसावर मालिका सुरू आहे, आणि तिची भूमिका हॉलिवूडची नटी सलमा हायेक करतेय. जोन वकिलाकडे धावते. वकील सांगते, स्ट्रीमबेरीच्या अटी मान्य करताना तुम्ही याला परवानगी दिलीय. मग कळतं की सलमा हायेकनंही अभिनय केलेला नाही, तिनं आपला चेहरा वापरायला दिलाय, आणि तिलाही अटी नीट ठाऊक नव्हत्या.

तो भाग आल्यानंतर महिन्याभरात, १४ जुलै २०२३ रोजी अमेरिकेतले नट संपावर गेले. तो संप ११८ दिवस चालला. पगाराइतकाच कळीचा मुद्दा होता नटांच्या संगणकीय प्रतिकृतीचा: ती कोण बनवणार, कशासाठी वापरणार, पैसे किती देणार. समझोत्यात संमती आणि मोबदला यांची कलमं आली.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. कुणाचाही आवाज अरिजितच्या आवाजात बदलून देणारी साधनं त्यांच्या परवानगीशिवाय देता येणार नाहीत, असा त्याचा आशय. चांगलंच झालं. पण अरिजित सिंग यांच्याकडे वकील आहेत, संघटित नटांकडे संप आहे. वीस पानांच्या अटींखाली ‘मान्य’ दाबणाऱ्या एकट्या माणसाकडे काय आहे? त्याला ‘मान्य’ आणि ‘रद्द’ एवढीच दोन बटणं दिलेली असतात, आणि बँकेपासून शाळेपर्यंत सगळं जग पहिल्या बटणाच्या पलीकडे असतं. अशा सहीला कायदा संमती म्हणतो. मालिका त्याबद्दल शंका घेते आणि मी मालिकेच्या बाजूनं आहे.

म्हणजे ब्रुकर तंत्रज्ञानाचा शत्रू आहे?

व्हिडिओ गेमवर लिहून ज्यानं सुरुवात केली, त्याला शत्रू कसं म्हणणार? ‘सॅन जुनिपेरो’ पाहा. दोन म्हाताऱ्या, आजारी बायका. एक जण तरुणपणापासून अंथरुणाला खिळलेली. मेल्यावर मनाची प्रत एका कायमच्या तरुण, समुद्रकाठच्या गावात ठेवता येते. दोघींचं प्रेम तिथे जमतं, आणि गोष्ट आनंदात संपते. २०१७ मध्ये या भागाला दोन एमी मिळाले. इथेही मन सर्व्हरवरच आहे, पण जायचं की नाही हे त्या दोघी स्वतः ठरवतात, आणि एक जण बराच काळ ठाम नकारही देते.

उलट बाजूला ‘शट अप अँड डान्स’मध्ये नवं तंत्रज्ञान काहीच नाही. लॅपटॉपचा कॅमेरा आणि फोनवर येणारे संदेश, बस. केनी नावाच्या मुलाचं चोरून केलेलं चित्रीकरण कुणाच्या तरी हाती लागतं आणि मग फोन सांगेल ते तो करत जातो. आपल्याकडच्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या वाचताना मला हाच भाग आठवतो. फोनवरचा पोलिसी वेषातला माणूस सांगतो कॅमेऱ्यासमोरून हलू नका, आणि चांगले शिकलेले, निवृत्त लोक तासन् तास हलत नाहीत, बँकेतले पैसे पाठवून देतात. अशी कुठलीही अटक भारतीय कायद्यात नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. फोनमध्ये जादू काही नसते. भीती आणि लाज आपली असते, आणि शेजारी कुणाला सांगायची सोय त्या माणसानं आधीच बंद केलेली असते.

मालिकेविरुद्ध मला पटणारा आक्षेप वेगळा आहे. तोचतोचपणा. मनाची प्रत काढून तिला कोंडायचं, हा प्रकार इतक्या भागांत येतो की शेवटी प्रेक्षकच निर्ढावतो. पाचवं पर्व मला थकलेलं वाटलं, आणि सहाव्यातल्या काही भागांत तर तंत्रज्ञान सोडून सरळ भुताखेतांकडे वळण घेतलंय.

बघायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्या भागापासून नको. ‘द नॅशनल अँथम’मध्ये राजकन्येला सोडवण्यासाठी पंतप्रधानांकडे अशी किळसवाणी मागणी होते की निम्मे प्रेक्षक तिथेच मालिका बंद करतात. आधी ‘नोजडाइव्ह’, मग ‘जोन इज ऑफुल’. दोन्हींत हसायला जागा आहे. पचलं तर ‘बी राइट बॅक’ आणि ‘द एन्टायर हिस्टरी ऑफ यू’. ‘कॉमन पीपल’ घरात कुणाचं आजारपण चालू असताना लावू नका. सलग तीनचार भाग पाहण्यात अर्थ नाही, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा. आणि ही सगळी मोठ्यांसाठीची मालिका आहे, त्यामुळे मुलं झोपल्यावर.